ठेसन, इस्टेशन आणि स्टेशन : इंग्रजी शब्दांचे उच्चार प्रांतोप्रांती का बदलतात?

निवासी शाळा ही बोलींची एक मोठी सभाच असते. आपल्या वसतिगृहात बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या वाड्यावस्त्यांवरची मुले आहेतच. शिवाय गळीत हंगामाबरोबर बीडकडून येणाऱ्या ऊसतोड कामगारांची मुले आहेत, आणि घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी सोलापूरकडची मुलेही आहेत. ही मुले एका पंगतीत जेवतात, एका सतरंजीवर वंदना म्हणतात. पण एकच इंग्रजी शब्द चार तऱ्हांनी उच्चारतात. एकाचे ‘स्टेशन’, दुसऱ्याचे ‘ठेसन’, तिसऱ्याचे ‘इस्टेशन’. मग हशा पिकतो. हशा वरवर निरुपद्रवी वाटतो. पण ज्याच्यावर तो पिकतो ते मूल पुढे इंग्रजीच्या तासाला तोंड उघडेनासे होते. तीस वर्षांच्या अध्यापनात आम्ही अशी अबोल झालेली मुले पुष्कळ पाहिली. त्यांना इंग्रजी येत नव्हते असे नाही. आपले इंग्रजी कोणाच्या कानावर पडू नये एवढीच त्यांची धडपड होती. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे थोडा उलगडून मांडावा असे आम्हांस वाटते.

शब्द आले ते कानांवाटे

आपल्या भागात इंग्रजी शब्द पाठ्यपुस्तकातून आले नाहीत. ते कामातून आले. इंदापूर तालुक्याचे या बाबतीत एक ऐतिहासिक स्थान आहे. मुंबई इलाख्यातील जमीन महसुलाची नवी मोजणी गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ साली सुरू केली ती याच तालुक्यापासून, आणि तीच पद्धत पुढे दख्खनभर गेली. ‘सर्व्हे नंबर’ हा शब्द त्या मोजणीबरोबर शेतकऱ्याच्या ओठी बसला. आणि बसताना ‘सर्वे लंबर’ झाला. गावच्या शिवेची खडान्‌खडा माहिती ज्यांना असे, त्या आपल्या पूर्वजांच्या कानांवरूनही तो शब्द गेला असणार.

त्यानंतर १८८०च्या दशकात नीरा डाव्या कालव्याचे पाणी या दुष्काळी पट्ट्यात आले. त्या पाण्याबरोबर ‘कॅनॉल’ आला, कोणी त्याला ‘क्यानल’ म्हटले, कोणी ‘कनाल’. दौंडहून बारामतीपर्यंत रेल्वेचा फाटा आला आणि ‘ठेसन’, ‘फलाट’, ‘तिकीट’, ‘शिंगल’ हे शब्द घेऊन आला. वालचंदनगर, भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर येथील साखर कारखान्यांनी ‘बायलर’, ‘टॅक्टर’, ‘टॉली’, ‘डायवर’ ही भर घातली. एसटी गावात पोहोचली आणि तिची ‘यष्टी’ झाली.

आपल्या समाजाचा इंग्रजीशी संबंध याहूनही जुना आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे फौजेतील शाळेत शिक्षक होते, हे सर्वश्रुत आहे. ‘पलटण’, ‘रंगरूट’, ‘कप्तान’, ‘परेड’ हे शब्द आपल्या घरांत त्या वाटेने आले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्यांच्याकडून आपण हे शब्द ऐकले, ते साहेब तरी एका तोंडाने कोठे बोलत होते? त्यांच्यात इंग्रज होते, आयरिश होते, आणि मोठ्या संख्येने स्कॉटिश होते. जोतीराव फुले पुण्यात ज्या शाळेत इंग्रजी शिकले ती स्कॉटिश मिशनचीच होती. स्कॉटलंडचा माणूस ‘फार्म’, ‘कार’ या शब्दांतील र ठसठशीत उच्चारतो. लंडनचा माणूस तो गिळून टाकतो. तेव्हा ‘मूळ इंग्रजी उच्चार’ असा एकच एक उच्चार आपल्यापर्यंत कधी आलाच नव्हता.

जीभ आपल्याच वाटेने चालते

प्रत्येक भाषेचे ध्वनींचे एक घर असते. परका शब्द त्या घरात शिरताना त्याला दारातून वाकून यावे लागते. ही क्रिया लहरीने होत नाही, नियमाने होते.

‘तिकीट’ हा शब्द पाहा. इंग्रज माणूस त्याच्या ‘टी’चा उच्चार करताना जिभेचे टोक दातांच्या मागील हिरडीला लावतो. आपल्या ‘त’ला जीभ दातांना लागते, ‘ट’ला ती मागे वळून टाळूला लागते. इंग्रजी ध्वनी या दोहोंच्या मधला आहे. त्यासाठी आपल्या घरात खोलीच नाही. बहुतेक वेळा आपण जवळची म्हणून ‘ट’ची खोली दिली. पण ‘तिकीट’ या शब्दात पहिल्या ध्वनीला ‘त’ मिळाला आणि शेवटच्या ध्वनीला ‘ट’. इंग्रजीत दोन्ही ध्वनी एकच आहेत.

‘बँक’, ‘ऑफिस’ यांतील स्वरांचेही तेच. मराठीत असे स्वर नव्हते. म्हणून एकोणिसाव्या शतकातील मराठी छापील मजकुरात ‘ब्यांक’, ‘क्याप्टन’ अशी रूपे दिसतात. पुढे या स्वरांसाठी डोक्यावर चंद्र देण्याची सोय रूढ झाली आणि ‘बँक’, ‘कॅप्टन’, ‘ऑफिस’, ‘कॉलेज’ ही रूपे स्थिरावली. खेड्यातील वृद्ध माणसे आजही ‘हापिस’ आणि ‘कालेज’ म्हणतात. त्यांनी शब्द बिघडविला नाही. चंद्र येण्यापूर्वीचे जुने घर त्यांनी सोडले नाही, इतकेच.

‘यष्टी’ या एकाच शब्दात तर दोन नियम एकत्र काम करतात. शब्दारंभीच्या ‘ए’पुढे आपली बोली ‘य’ जोडते, म्हणून एम.ए.चे ‘यम्मे’ होते. आणि ‘ट’ या मूर्धन्य वर्णाशेजारी ‘स’ आला की जीभ त्यालाही मागे ओढून ‘ष’ करते. म्हणून ‘पोष्ट’, ‘रजिष्टर’. संस्कृतातील ‘कष्ट’, ‘दुष्ट’, ‘नष्ट’ या शब्दांतही ‘ट’शेजारी ‘ष’च दिसतो.

पालीचा दाखला

सर्वांत जास्त गंमत जोडाक्षरांची आहे. शब्दाच्या आरंभी दोन व्यंजने एकदम आली की अनेक भाषांची जीभ अडखळते. ती अडचण सोडविण्याच्या मुख्यतः तीन युक्त्या आहेत, आणि त्या तिन्ही युक्त्या आपली मुले रोज वंदनेत उच्चारतात त्या पाली भाषेत सापडतात.

पहिली युक्ती, दोन व्यंजनांमध्ये एक स्वर घालणे. ‘ग्लास’चे ‘गिलास’, ‘प्लॅन’चे ‘पिल्यान’, ‘ब्लाऊज’चे ‘बिलाऊज’ असे होते. संस्कृत ‘ग्लान’ म्हणजे आजारी; पालीत तो शब्द ‘गिलान’ असा आहे. ‘क्लेश’चे पालीत ‘किलेस’ होते, ‘स्नेह’चे ‘सिनेह’, ‘रत्न’चे ‘रतन’.

दुसरी युक्ती, एक व्यंजन गाळणे. ‘ड्रायव्हर’चे ‘डायवर’, ‘ट्रॅक्टर’चे ‘टॅक्टर’, ‘स्टेशन’चे ‘ठेसन’. पालीत ‘प्राण’चा ‘पाण’ होतो. पहिल्या शीलातील ‘पाणातिपाता’ हा शब्द त्याचीच साक्ष देतो. ‘स्तूप’चा ‘थूप’, ‘स्थविर’चा ‘थेर’, ‘स्थान’चे ‘ठान’. येथे ‘स’ गळताना आपला श्वास मागे ठेवून जातो, म्हणून ‘त’चा ‘थ’ होतो. ‘स्टेशन’चे नुसते ‘टेसन’ न राहता ‘ठेसन’ झाले, त्यातही तोच श्वास ऐकू येतो.

तिसरी युक्ती, आरंभी एक स्वर ठेवणे. ‘स्टेशन’चे ‘इस्टेशन’, ‘स्कूल’चे ‘इस्कूल’. संस्कृत ‘स्त्री’ या शब्दाचे पाली रूप ‘इत्थी’ आहे, हे सांगितले की आणखी काही सांगावे लागत नाही.

अडीच हजार वर्षांची परंपरा सांगणारी, ज्या भाषेत त्रिपिटक जतन झाले ती भाषा ज्या वाटेने गेली, त्याच वाटेने आमच्या कारखान्यावरचा ट्रॅक्टरचालक जातो. ‘गिलान’ला आपण आदराने हात जोडतो आणि ‘गिलास’ला हसतो, हे विसंगत नाही काय?

प्रांतोप्रांतीची रूपे

या तीन युक्त्यांपैकी कोणती निवडावी हे त्या त्या प्रदेशाची भाषा ठरविते. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये आरंभी ‘इ’ ठेवण्याकडे कल आहे. उर्दूत तर हे शब्द लिहितानाच आरंभी अलिफ घालतात. पंजाबी माणूस मध्ये स्वर घालून ‘सकूल’, ‘सटेशन’ म्हणतो, आणि गुरुमुखी लिपीत तसेच लिहितो. तेलुगूत शब्दाच्या शेवटी स्वर लागतो, म्हणून ‘बस्सु’, ‘रोड्डु’, ‘ब्यांकु’. आपल्या सोलापूरकडच्या मुलांच्या बोलण्यात या ‘उ’ची छटा क्वचित ऐकू येते ती घरच्या भाषेची. बंगालीत ‘व’ नाही, म्हणून तेथे ‘व्होट’चा ‘भोट’ होतो आणि लिहिलाही तसाच जातो. गुजरातीत ‘बँक’ची ‘बेंक’ होते.

मराठीने काही बाबतींत बारकावा राखला आहे. इंग्रजीतील ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांचे ध्वनी वेगळे आहेत. मराठी लिहिणारा ‘व्हॅन’, ‘व्होट’ येथे ‘व्ह’ योजतो आणि ‘वॉच’, ‘वायर’ येथे ‘व’. हिंदीत दोन्हीकडे ‘व’च येतो. तसेच ‘झाड’ या शब्दातील ‘झ’ इंग्रजी ‘झेड’च्या ध्वनीला जवळचा असल्याने आपण ‘झिरो’, ‘साईझ’ म्हणतो; हिंदी पट्ट्यात पुष्कळदा ‘जीरो’, ‘साइज’ ऐकू येते.

भारताबाहेरही हेच चित्र आहे. ज्या लॅटिन शब्दापासून इंग्रजीतला ‘स्कूल’ आला, त्याचेच स्पॅनिशमध्ये ‘एस्क्वेला’ झाले आणि फ्रेंचमध्ये ‘एकोल’. स्पॅनिश माणूस इंग्रजी बोलताना आजही ‘एस्कूल’ म्हणून जातो. त्याला कोणी अडाणी म्हणत नाही.

खुद्द साहेबाच्या देशात

इंग्लंडच्या दक्षिणेत ‘बाथ’, ‘ग्रास’, ‘क्लास’ या शब्दांत दीर्घ ‘आ’ आहे. उत्तरेत तेथे आखूड स्वर येतो. उत्तरेकडील ‘बस’ आणि ‘कप’ आपल्या कानाला ‘बुस’ आणि ‘कुप’सारखे वाटतात. लंडनच्या कामकरी वस्तीत ‘थिंक’चे ‘फिंक’ होते. ‘शेड्यूल’ अमेरिकेत गेले की ‘स्केज्यूल’ होते, ‘टोमाटो’चे ‘टोमेटो’, आणि वर्णमालेतील शेवटचे अक्षर ‘झेड’ न राहता ‘झी’.

मग ‘शुद्ध’ उच्चार कोणाचा? डॅनियल जोन्स या ध्वनिशास्त्रज्ञाने १९१७ साली इंग्रजी उच्चारांचा प्रसिद्ध कोश काढला. त्यात त्याने नमुना म्हणून घेतलेल्या उच्चाराला ‘पब्लिक स्कूल’ उच्चार असे नाव दिले होते. तेथे पब्लिक स्कूल म्हणजे सार्वजनिक शाळा नव्हे, तर श्रीमंतांच्या मुलांच्या खासगी निवासी शाळा. पुढे बी.बी.सी.ने १९२६ साली उच्चारांविषयी सल्ला देणारी समिती नेमली. बर्नार्ड शॉ हे तिचे एक सभासद होते. म्हणजे जो उच्चार प्रमाण ठरला तो मूठभर वर्गाचा होता. तो अधिक बरोबर होता म्हणून प्रमाण झाला असे नाही. बोलणाऱ्यांच्या हाती सत्ता होती म्हणून झाला.

शॉ यांचेच ‘पिग्मॅलियन’ हे नाटक या प्रश्नावर उभे आहे. पु. ल. देशपांडे यांनी त्यावरून ‘ती फुलराणी’ मराठीत आणले ते १९७५ साली. इंग्रजीतील प्रश्न मराठीत इतका सहज उतरला, कारण तो आपल्याकडेही तसाच होता. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्या माणसाची जात आणि गाव ओळखण्याचा उद्योग महाराष्ट्राला नवा नाही. जोतीरावांच्या ग्रंथांतील विचारांना उत्तर देण्याऐवजी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त त्यांच्या व्याकरणाची टर उडविली. उच्चार आणि व्याकरण यांचा असा उपयोग माणसाला गप्प बसविण्यासाठी होतो, हे आपण इतिहासातून शिकलो आहोत.

आणि साहेबाने आपल्या गावांचे काय केले ते पाहा. पुण्याचे ‘पूना’, खडकीचे ‘किर्की’, दौंडचे ‘धोंड’, शीवचे ‘सायन’. हे उच्चार नकाशांवर आणि स्थानकांच्या पाट्यांवर रंगविले गेले. त्याला कोणी अशुद्ध म्हटले नाही. परका शब्द आपल्या जिभेप्रमाणे वळविणे हे सत्ताधाऱ्याने केले की रूढी होते, आणि श्रमिकाने केले की अडाणीपणा.

मग शाळेत काय शिकवावे?

याचा अर्थ प्रमाण उच्चार शिकवू नये असा मुळीच नाही. सावित्रीबाईंनी १८५४ सालच्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे आपले निवेदन इंग्रजीतून मांडले. बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ मराठीतून चालविले, पण जगापुढे मांडायचे ग्रंथ इंग्रजीतून लिहिले. बी.बी.सी.ला त्यांनी १९५५ साली दिलेल्या मुलाखतीचे ध्वनिमुद्रण आज कोणालाही ऐकता येते. लंडन आणि न्यूयॉर्क येथे शिकलेल्या या माणसाचा आवाज आणि वर्ण भारतीयच आहेत. विचार मात्र इतका नितळ आहे की एकही वाक्य पुन्हा ऐकावे लागत नाही.

भगवान बुद्धांनी या प्रश्नाला थेट स्पर्श केला आहे. ‘मज्झिम निकाया’तील ‘अरणविभंग सुत्ता’त एका भांड्याचे उदाहरण येते. एका जनपदात त्याला ‘पाती’ म्हणतात, दुसऱ्यात ‘पत्त’, आणखी कोठे ‘सराव’. आपल्याच जनपदाचा शब्द खरा आणि बाकीचे खोटे असा हट्ट धरल्याने कलह उपजतो, असे तेथे सांगितले आहे. पण त्याच ठिकाणी दुसरी बाजूही आहे : लोकांत जी रूढ संज्ञा आहे ती उल्लंघूनही जाऊ नये. शिक्षकाला याहून नेमके मार्गदर्शन कोणते हवे? घरच्या उच्चाराची लाज नको, आणि सर्वांना समजणाऱ्या उच्चाराचा कंटाळाही नको.

व्यवहारात याचा अर्थ असा की, कोणता फरक दुरुस्त करायचा आणि कोणता सोडून द्यायचा याचा विवेक हवा. जेनिफर जेनकिन्स या इंग्लंडमधील अभ्यासिकेने २००० साली हाच विचार मांडला. वेगवेगळ्या मातृभाषांची माणसे इंग्रजीत बोलतात तेव्हा कोणत्या चुकांमुळे अर्थ हरवतो आणि कोणत्या फरकांनी काही बिघडत नाही, हे तिने वेगळे करून दाखविले. आमचा वर्गातील अनुभवही त्याला जुळतो.

आपल्या मुलांपुरते सांगायचे तर चार गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली, ऱ्हस्व-दीर्घ : ‘शिप’ म्हणजे जहाज आणि ‘शीप’ म्हणजे मेंढी, ‘लिव्ह’ म्हणजे राहणे आणि ‘लीव्ह’ म्हणजे सोडणे. दुसरी, ‘व’ आणि ‘व्ह’ : ‘वेस्ट’ ही दिशा, ‘व्हेस्ट’ हे वस्त्र. तिसरी, शब्दान्तीचे जोडाक्षर : ‘वॉक’ आणि ‘वॉक्ट’ यांत वर्तमान आणि भूतकाळाचा फरक आहे, तो गिळू नये. चौथी, आघात : ‘रेकॉर्ड’ या शब्दाच्या पहिल्या अवयवावर जोर दिला तर ते नाम होते, दुसऱ्यावर दिला तर क्रियापद. ‘थिंक’मधील ‘थ’ इंग्रजाप्रमाणे आला नाही, ‘टी’ला आपला ‘ट’ लागला, तर अर्थाला धक्का पोहोचत नाही. तेथे मुलाचा वेळ खर्च करू नये.

दुरुस्ती करण्याचीही रीत असते. मूल वाक्य बोलत असताना मध्येच तोडू नये. ते पूर्ण झाल्यावर तोच शब्द आपण आपल्या वाक्यात सहज उच्चारावा. वर्गात कोणी हसले तर हसणाऱ्याला तो शब्द आणखी किती प्रांतांत कसा म्हणतात हे शोधून आणण्याचे काम द्यावे. त्यातून हशा थांबतो आणि भूगोलही शिकून होतो.

आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीत भेटले. महाराष्ट्रात २००० सालापासून ते मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून आहे. आजची मुले शब्द अधिक लवकर शिकतात आणि घरी जाऊन आजीला सुधारतात. पालकांना आमची विनंती आहे की, आजीच्या ‘हापिसा’ची घरात चेष्टा होऊ देऊ नये. मुलाने दोन्ही रूपे जाणावीत; ‘ऑफिस’ मुलाखतीसाठी आणि ‘हापिस’ आजीशी बोलण्यासाठी.

माजी विद्यार्थ्यांसाठी एक काम सुचवावेसे वाटते. आपल्यापैकी कोणी हैदराबादला आहेत, कोणी बंगळूरला, कोणी परदेशात. आपण ज्यांच्याबरोबर काम करता ते इंग्रजी नाना तऱ्हांनी बोलत असतील आणि तरीही कामे होत असतील. शाळेत येऊन मुलांशी एक तास इंग्रजीतून बोलावे, आपापल्या उच्चारात. बारामतीच्या मातीची छटा असलेले इंग्रजी मोठ्या कंपनीत, न्यायालयात, विद्यापीठात चालते, हे मुलांनी स्वतःच्या कानांनी ऐकले तर आमच्या दहा तासांचे काम त्या एका तासात होईल. गळीत हंगाम सुरू झाला की नवी मुले वसतिगृहात येतात. तो काळ या कामास सर्वांत योग्य.